जॅझमधली आफ्रिका नेमकी कुठे ऐकू येते?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रिचमंड नावाचे एक लहान शहर आहे. तिथे जेनेट कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हर यांचा क्रिओल जॅझ बँड आपल्या पहिल्या तबकड्या करण्यासाठी जमला. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनचा वापर तेव्हा अजून सुरू व्हायचा होता. वादक एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी दाटीवाटीने उभे राहून वाजवीत, त्यांच्या आवाजाच्या दाबाने कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाची सुई थरथरे आणि फिरत्या मेणाच्या तबकडीवर खोबण कोरत जाई. मोठ्या ढोलाचा एक जोरदार ठोका त्या सुईला खोबणीतून उडवायला पुरेसा असे. म्हणून बँडचे ड्रमवादक बेबी डॉड्स यांना मोठा ढोल बाजूला ठेवून मुख्यतः लाकडी ठोकळ्यांवर ताल धरावा लागला. २१ वर्षांचे लुई आर्मस्ट्राँग या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे पितळी वाद्य) वाजवत होते, आणि न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांच्या जॅझचा पहिला भरघोस ध्वनिमुद्रित ऐवज म्हणून आजही याच तबकड्यांकडे पाहिले जाते.

जॅझ नव्याने ऐकू लागलेल्या माणसाला कोणीतरी लवकरच सांगते की या संगीताची लय आफ्रिकेतून आली. तो विश्वासाने या जुन्या तबकड्या लावतो, ढोल शोधू लागतो, आणि त्याला ढोल सापडतच नाही. तरीही पाय हलू लागलेला असतो. त्या लयीचा ठाव घ्यायचा असेल तर ढोल शोधण्याची सवय आधी सोडावी लागते आणि वेगळीच एक गोष्ट ऐकायला शिकावे लागते: पाय जिथे पडतो आणि स्वर जिथे पडतो, त्या दोन जागांमधले अंतर. जॅझमधली आफ्रिका मला त्या अंतरात ऐकू येते, आणि ती तिथपर्यंत कशी पोहोचली हे तबकड्यांच्या आधाराने उलगडून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी एक खबरदारी घ्यायला हवी. आफ्रिका हा पन्नासाहून अधिक देशांचा खंड आहे आणि ‘आफ्रिकी लय’ नावाची एकच एक वस्तू तिथे कुठेही नाही. घानाचे संगीतशास्त्रज्ञ कोफी अगावू यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात दाखवून दिले की ही कल्पना बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी घडवलेली आहे. ‘लय त्यांच्या रक्तातच असते’ हे वाक्यही कितीही कौतुकाने उच्चारले तरी अन्यायाचेच ठरते, कारण पिढ्यान्‌पिढ्यांनी कष्टाने शिकलेल्या आणि शिकवलेल्या विद्येला ते निसर्गाची देणगी म्हणून मोकळे होते. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेली माणसे मुख्यतः सेनेगलपासून अंगोलापर्यंतच्या प्रदेशांतली होती, म्हणून पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या वादनपद्धतींपुरतेच बोलणे योग्य. त्यातूनही मी इथे घाना आणि टोगोमध्ये राहणाऱ्या एवे लोकांचे उदाहरण घेतो. जॅझ त्यांच्याकडून थेट आला असे मला सुचवायचे नाही. त्यांच्या वादनावर भरपूर लेखन झालेले आहे आणि मूळ तत्त्व त्यात स्वच्छ दिसते, एवढेच कारण.

ते तत्त्व समजण्यासाठी टेबलासमोर बसावे आणि आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रा मध्यम गतीने मनात मोजाव्यात. डाव्या हाताने पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टेबलावर थाप द्यावी. धा धी ना, धा तू ना असे तीन-तीनचे दोन भाग आपण नेहमीच ऐकत आलो आहोत. हे स्थिर झाले की उजव्या हाताने पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर थाप द्यावी, म्हणजे त्याच सहा मात्रांचे दोन-दोनचे तीन भाग होतील. दोन्ही हात एकत्र चालवल्यावर जे ऐकू येते त्याचा क्रम असा: दोन्ही, उजवा, डावा, उजवा. सुरुवातीला हात अडखळतात, पण थोड्या सरावाने ते बसते. बसल्यावर पाय डाव्या हाताबरोबर आपटून पाहावा. उजवा हात तालाला आडवा जातो आहे असे वाटेल. मग पाय उजव्या हाताबरोबर आपटावा. आता डावा हात आडवा जाऊ लागेल. आवाज तसूभरही बदललेला नसतो, पण ऐकणाऱ्याचा पाय कुठे आहे त्यानुसार संगीत बदललेले असते.

तबला ऐकणाऱ्या मराठी वाचकाला हे परके नाही. दोनाच्या जागेत तीन बसवणे म्हणजे आपली आड लय, आणि दीडपटीचे काम नीट बसले की मैफलीत माना डोलतात. फरक आहे तो हेतूत. आपल्याकडे आड ही वादकाने ठरवून धरलेली वाट असते. तो मूळ लयीतून बाहेर पडतो, ताण वाढवत नेतो, तिहाई घेऊन समेवर येतो आणि तो ताण तिथे सुटतो. एवे वादनात दोन आणि तीन यांची ही ओढाताण पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत चालूच असते, आणि ती सोडवावी अशी कोणाचीही अपेक्षा नसते. तीच तिथली जमीन असते आणि सगळे तिच्यावर उभे राहून वाजवतात, गातात, नाचतात.

त्यांच्या अग्बेकोर या नृत्यात गांकोग्वी नावाची लोखंडी जोडघंटा वाजते. तिचे आवर्तन बारा सूक्ष्म मात्रांचे असते आणि त्यांपैकी सातच मात्रांवर ठोका पडतो: १, ३, ५, ६, ८, १०, १२. नर्तकांची पावले मात्र १, ४, ७ आणि १० या चार जागांवर पडतात. आता हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर कळते की चार पावलांपैकी पहिल्या आणि शेवटच्या पावलालाच घंटेचा आधार मिळतो. मधली दोन पावले नर्तकाला स्वतःच्या अंगातल्या लयीवर टाकावी लागतात. दुसरीकडून पाहावे तर घंटेचे पहिले तीन ठोके विषम मात्रांवर पडतात, दोन-दोनच्या गतीशी अगदी इमानाने चालतात, आणि पाचव्याला लागूनच सहावी मात्रा वाजताच ती चाल एका मात्रेने सरकते. पुढचे सगळे ठोके सम मात्रांवर, म्हणजे आधीच्या गतीच्या बरोबर फटीत, पडत जातात. बाराव्याला लागून पुन्हा पहिली मात्रा येते आणि घंटा परत मूळ बाजूला येते. सात ठोक्यांच्या आकृतीत एवढी हालचाल भरलेली असते, आणि घंटा वाजवणारा ती न बदलता दीर्घकाळ चालू ठेवतो. उंच आवाजाची घंटा आणि खुळखुळा लय बांधून ठेवतात, आणि त्यांच्याखाली भारदस्त आवाजाचा मुख्य ढोल मोकळेपणाने बोलतो. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढे १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपल्याला तशीच रचना भेटणार आहे.

हे सारे अटलांटिकपार गेले ते वाद्यांच्या रूपाने नव्हे. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत ते चालून निघाले, आणि उठाव चिरडल्यानंतर १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल, शिंगे आणि मोठ्या आवाजाची वाद्ये बाळगण्यास मनाई केली. ढोल हे निरोप धाडण्याचे आणि माणसे गोळा करण्याचे साधन आहे, हे मालकांना पुरते कळलेले होते. ढोल गेला तेव्हा लय शरीरात उतरली. मांड्यांवर आणि छातीवर थापा मारून नाचाला साथ देण्याची ‘पॅटिंग जुबा’ ही पद्धत रुळली. जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर ‘रिंग शाउट’ टिकून राहिला, आणि तो पाहिल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही असे मला वाटते. भाविक घड्याळाच्या उलट्या दिशेने वर्तुळात सरकतात, पण पावलांची आढी होऊ देत नाहीत, कारण पावले एकमेकांवरून गेली की तो नाच ठरतो आणि चर्चच्या नियमात नाच बसत नाही. एकजण बसून झाडूच्या दांड्याने लाकडी जमिनीवर ठोके देतो, बाकीचे त्याच्या ठोक्यांच्या फटीत टाळ्या भरतात, आणि पावले या दोहोंच्या खाली आपली संथ चाल धरून राहतात. तिथे ढोल एकही नसतो, पण थर तेच असतात.

न्यू ऑर्लिन्सची परिस्थिती वेगळी होती. फ्रेंच आणि स्पॅनिश अमलाखाली वाढलेल्या या शहरात गुलामांना रविवारी एकत्र जमता येत असे, आणि १८१७ च्या नगरनियमाने त्या मेळ्यांसाठी जी एकच जागा ठरवली गेली ती पुढे काँगो स्क्वेअर म्हणून प्रसिद्ध झाली. वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब यांनी फेब्रुवारी १८१९ मध्ये तिथे पाच-सहाशे माणसे वर्तुळे करून नाचताना पाहिली आणि ढोलांची व भोपळ्याच्या तंतुवाद्याची चित्रे आपल्या रोजनिशीत काढून ठेवली. अनेक लेखांत काँगो स्क्वेअरवरून थेट आर्मस्ट्राँगवर उडी मारलेली दिसते, आणि ती मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते मेळे ओसरले होते आणि जॅझ आकाराला आला तो शतकाच्या अखेरीस. मधल्या काही दशकांत ही लय टिकवून धरली ती चर्चमधल्या टाळ्यांनी, नाचघरांनी आणि रस्त्यावरून निघणाऱ्या पितळी बँडच्या मागे नाचत चालणाऱ्या लोकांनी. त्या चालणाऱ्या लोकांना न्यू ऑर्लिन्समध्ये ‘सेकंड लाइन’ म्हणतात. बेबी डॉड्स यांच्यासारख्या ड्रमवादकांचे कान याच वातावरणात तयार झाले.

आता प्रत्यक्ष आकृत्यांकडे येऊ. आपल्या केरव्याच्या आठ मात्रा घ्याव्यात आणि १, ४ आणि ७ या मात्रांवर टाळी द्यावी, म्हणजे तीन, तीन आणि दोन असे भाग पडतील. पाय १, ३, ५, ७ वर चालू ठेवावा. पहिली आणि तिसरी टाळी पायाबरोबर येते, मधली मात्र दोन पावलांच्या बरोबर मध्ये पडते, आणि त्या एका टाळीमुळे अंगाला पुढे झेप घ्यावीशी वाटते. क्यूबात या आकृतीला ‘त्रेसियो’ म्हणतात. सहारापासून कॅरिबियनपर्यंत ती इतक्या ठिकाणी आढळते की तिच्यावर कोणा एका गावाची मालकी सांगणे शक्य नाही. आपल्या ढोलकीवरही तीन-तीन-दोनची वजने वाजतात, पण म्हणून त्यांचे मूळ एक असे मानण्याची घाई करू नये. अमेरिकेपुरता मात्र तिचा माग लागतो. न्यूयॉर्कचे पियानोवादक जेम्स पी. जॉन्सन तरुणपणी ज्या नाचघरात वाजवत, तिथे कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरून आलेले गोदी कामगार नाचायला येत आणि आपल्या गावाकडच्या नाचाला साजेशी चाल मागत, असे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. त्याच चालींवरून त्यांचे १९२३ मधले ‘चार्ल्सटन’ तयार झाले. त्याचा जगभर गाजलेला ताल म्हणजे वरच्या आकृतीतली पहिली आणि चौथी मात्रा, फक्त दोन ठोके. तिसरा ठोका नाचणाऱ्याच्या अंगावर सोपवलेला. त्यांची १९२१ ची तबकडी ‘कॅरोलिना शाउट’ तर नावातच रिंग शाउटची आठवण बाळगते, आणि पियानोची दोन हातांची उत्तरे-प्रत्युत्तरे ऐकताना झाडूचा दांडा आणि टाळ्या डोळ्यांसमोर येतात. तरुण ड्यूक एलिंग्टन यांनी हीच रचना आपोआप वाजणाऱ्या पियानोवर संथ गतीने फिरवून, खाली दबत जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटे ठेवत आत्मसात केली होती.

दुसरी वाट क्यूबातून आली. हैतीच्या क्रांतीतून पळून आधी क्यूबात गेलेले नऊ हजारांवर लोक १८०९ आणि १८१० मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये उतरले आणि शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यांत गोरे, स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि गुलाम असे सगळे होते. पुढे हवाना आणि न्यू ऑर्लिन्स या दोन बंदरांत जहाजांची ये-जा कायम राहिली आणि हबानेरा नाचाची चाल इकडे घरोघरच्या पियानोवर पोहोचली. न्यू ऑर्लिन्सचे पियानोवादक जेली रोल मॉर्टन यांनी मे १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीत-संग्राहकासमोर पियानोवर बसून हे सगळे करून दाखवले, आणि ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ते आधी ‘ला पालोमा’ ही प्रसिद्ध चाल सरळ वाजवतात, मग डावा हात तसाच ठेवून उजव्या हाताचे स्वर पायाच्या अलीकडे-पलीकडे सरकवू लागतात, आणि सांगतात की एवढ्यानेच लाल रंगाचा निळा होतो. जॅझला चव यायची तर ही ‘स्पॅनिश’ छटा हवीच, असा त्यांचा आग्रह होता. ज्याला ते स्पॅनिश म्हणत होते ते बव्हंशी क्यूबातल्या आफ्रिकी वंशाच्या वादकांचे देणे होते. किंग ऑलिव्हरच्या तबकड्या झाल्या त्याच रिचमंडच्या ध्वनिमुद्रणगृहात मॉर्टन यांनी जुलै १९२३ मध्ये एकट्याने ‘न्यू ऑर्लिन्स जॉइज’ वाजवले होते. ज्यांना ही गोष्ट कानांनी पडताळायची आहे त्यांनी ती तबकडी लावावी आणि पहिल्या वेळी फक्त डावा हात, दुसऱ्या वेळी फक्त उजवा हात ऐकावा.

स्विंगबद्दल अधिक सावधपणे बोलावे लागते. ठोक्याचे दोन समान भाग न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवणे, हे स्विंगचे ढोबळ वर्णन. ढोबळ अशासाठी की संथ गतीत ही लांबी-आखूड जास्त असते आणि गती वाढली की दोन्ही भाग समान होत जातात. चांगला वादक दोन आणि तीन यांच्या मधल्या कुठल्याशा जागेवर उभा असतो आणि ती जागा सतत हलवत असतो. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग धरले तर चार ठोक्यांच्या बारा सूक्ष्म मात्रा होतात, आणि एवे घंटेच्या मात्राही बाराच आहेत. यावरून थेट वारसा सिद्ध होत नाही, पण दोन आणि तीन यांचा प्रश्न अनुत्तरित ठेवण्याची वृत्ती दोन्हीकडे सारखीच आहे, आणि मला ती महत्त्वाची वाटते. काउंट बेसी यांच्या बँडचे जुलै १९३७ मधले ‘वन ओ’क्लॉक जंप’ ऐकावे. वॉल्टर पेज यांचा बास आणि फ्रेडी ग्रीन यांचे गिटार चारही ठोके समान चालतात, तर जो जोन्स यांची हाय-हॅटची झांज दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर मिटते. जोर जिथे अपेक्षित असतो तिथे तो दिलेला नसतो, आणि त्यामुळे ऐकणारा पहिला ठोका स्वतःच्या अंगात धरून ठेवतो.

१९४० च्या सुमारास ड्रमवादक केनी क्लार्क यांनी जे केले त्याचे आश्चर्य मला दरवेळी नव्याने वाटते. तोवर ड्रमवादक पायाने मोठ्या ढोलावर चारही ठोके देऊन लय राखत असे. क्लार्क यांनी ते काम वरच्या मोठ्या झांजेकडे, राइड सिम्बलकडे, नेले आणि खालचे ढोल मोकळे केले. ते आता ट्रम्पेटला अडवू, डिवचू, उत्तर देऊ लागले. घंटा लय बांधते आणि भारदस्त ढोल बोलतो, तीच ही मांडणी. मात्र क्लार्क यांनी त्याचे कारण आफ्रिका असे सांगितलेले नाही. अतिद्रुत रचनांत पाय थकत असे म्हणून हात वर गेला, असे ते सांगत. बँडप्रमुख टेडी हिल यांना हा प्रकार न रुचल्याने त्यांनी क्लार्क यांना काढून टाकले, आणि पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मिंटन्स प्लेहाउस या जॅझ क्लबचा कारभार हाती आल्यावर त्यांनाच तिथे बोलावले. थकलेल्या पायाने ज्या वादकाला दुसरा कोणताही उपाय सुचू शकला असता, त्याला हाच सुचला, कारण थरांत ऐकणाऱ्या समाजात त्याचे कान घडलेले होते. हे माझे मत आहे आणि त्याला लेखी पुरावा देता येणार नाही.

जॅझ आणि क्यूबाचे ताल यांची जाणीवपूर्वक भेट घडली ती ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्या बँडमध्ये. हवानाचे कोंगावादक चानो पोझो १९४७ मध्ये त्यांच्याकडे आले. त्यांना इंग्रजी जेमतेमच येत असे. प्रवासात बसमध्ये ते प्रत्येक वादकाच्या हाती एक वेगळा ताल देत आणि सगळे एकदम वाजवायला लावत, अशी आठवण गिलेस्पी यांनी सांगितली आहे. ३० डिसेंबर १९४७ रोजी ‘मांतेका’ ध्वनिमुद्रित झाले. १ जानेवारीपासून अमेरिकन वादक संघटनेची ध्वनिमुद्रणबंदी सुरू होणार होती, म्हणजे अवघ्या दोन दिवसांनी ही तबकडी हुकली असती. सुरुवातीला बास, मग कोंगा, मग सॅक्सोफोनचा खर्ज, मग वरचे पितळी वाद्य असे एकेक थर येऊन बसतात, प्रत्येकाचा ताल वेगळा आणि कोणीही कोणासाठी जागा सोडत नाही. मधल्या भागात गिलेस्पी यांनी जोडलेली लांबलचक चाल येते आणि बँड तिथे स्विंगकडे वळतो. हा सांधा अजूनही किंचित जाणवतो, आणि दोन चुलत घराणी इतक्या वर्षांनी भेटल्यावर बोलताना अडखळावीत तसे ते मला वाटते. पुढच्या डिसेंबरात हार्लेममध्ये पोझो यांची गोळ्या घालून हत्या झाली.

याच काळात या लयी मुंबईतही ऐकू येत होत्या. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनी अशा बँडकडून आणि तबकड्यांवरून जॅझ उचलला. ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करत होते, आणि १९५१ च्या ‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’मध्ये वाजणारा बोंगो हे क्यूबाचेच वाद्य आहे. पुढे शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू तबल्याची तालीम घेऊन जॅझच्या व्यासपीठावर गेले आणि २००० मध्ये त्यांनी ‘आफ्रिकन फँटसी’ हा अल्बम केला.

या साऱ्याकडे स्वतः जॅझ वादकांनी एकाच नजरेने पाहिले असे मुळीच नाही. ड्रमवादक आर्ट ब्लेकी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेत जाऊन आले, कोपराने ढोलाचे कातडे दाबून त्याचा स्वर वर-खाली करू लागले, आफ्रिकी आणि क्यूबन वादकांना घेऊन त्यांनी तबकड्या केल्या; पण आपण तिकडे ढोल शिकायला नव्हे तर धर्म समजून घ्यायला गेलो होतो, आणि जॅझ ही अमेरिकेतच घडलेली वस्तू आहे, असे ते ठामपणे सांगत राहिले. पियानोवादक रँडी वेस्टन यांची भूमिका याच्या नेमकी उलट होती. आफ्रिकेतले १७ देश ज्या वर्षी स्वतंत्र झाले त्या १९६० मध्ये त्यांनी ‘उहुरू आफ्रिका’ ध्वनिमुद्रित केले, पुढे ते मोरोक्कोत टँजियरला राहायला गेले आणि तिथल्या ग्नावा या पश्चिम आफ्रिकी मुळाच्या समाजातल्या वादकांबरोबर आयुष्यभर वाजवत राहिले. वाद निकाली काढण्याची मला गरज वाटत नाही. ब्लेकी वस्तू कुठे घडली ते सांगत होते, वेस्टन ती घडवणाऱ्या हातांना कोणी शिकवले ते सांगत होते.

टेबलावर बसवलेला तीन आणि दोनचा खेळ ज्यांना एखाद्या तबकडीत उघडपणे ऐकायचा असेल, त्यांच्यासाठी ‘आफ्रो ब्लू’ आहे. हवानाचे कोंगावादक मोंगो सांतामारिया यांनी ते रचले आणि १९५९ मध्ये ते प्रथम ध्वनिमुद्रित झाले. त्यांच्या तबकडीत बास सुरू होताच पाय चार ठोक्यांवर ठेवावा; बास तेवढ्याच जागेत सहा स्वर वाजवतो आहे हे लक्षात येईल. मग सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चौकडीने ऑक्टोबर १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात वाजवलेले तेच गीत ऐकावे. ड्रमवर एल्विन जोन्स आहेत. त्यांचे दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या वेगांनी चालतात, तीनचे लोट दोनच्या काठावरून ओसंडतात आणि मध्येच पहिला ठोका पूर्ण गिळला जातो. अशा वेळी मोजत बसू नये. मोजणे सोडून पाय चालू ठेवला की, घंटेचा आधार नसलेले पाऊल टाकणाऱ्या एवे नर्तकाला काय करावे लागते ते थोडेसे कळू लागते.

कोल्ट्रेन यांचा ध्वनिमुद्रित झालेला अखेरचा कार्यक्रम २३ एप्रिल १९६७ रोजी हार्लेममध्ये, १२५ व्या रस्त्यावरच्या ओलातुंजी यांच्या आफ्रिकी संस्कृती केंद्रात झाला. नायजेरियाचे ढोलवादक बाबातुंडे ओलातुंजी यांच्या सन्मानार्थ कोल्ट्रेन यांनी १९६२ मध्येच ‘तुंजी’ नावाची रचना केली होती. त्या दिवशी ड्रमसेटच्या जोडीला योरुबा परंपरेतला बाटा ढोलही होता. हे ध्वनिमुद्रण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते फार वाईट आहे: सॅक्सोफोन फाटतो, झांजांचा एकच धूसर पडदा होतो, आणि बाटा ढोल शोधायला गेले तर बराच वेळ तो हाती लागत नाही. ‘ओगुंडे’ ही पहिली रचना अर्ध्या तासाच्या आसपास चालते. आवाज कमी ठेवून, डोळे मिटून, सॅक्सोफोनच्या मागे कान लावला की मधूनच त्या गदारोळाच्या तळाशी दोन तोंडांच्या ढोलाची एक थाप येते, ठोक्यावर नव्हे तर ठोक्याच्या किंचित अलीकडे.